ब्रॉयलरच्या छातीचे मांस कडक आणि पांढऱ्या रेघांचे निघते : खाद्यात नेमके काय बदलावे?

प्रश्न : ब्रॉयलरपालक, करवीर तालुका

नमस्कार. आमचे करवीर तालुक्यात चार हजार पक्ष्यांचे ब्रॉयलर शेड आहे. आम्ही कोणाच्याही करारावर नाही. पिल्ले विकत आणतो, खाद्य घरच्या मिक्सरवर तयार करतो, आणि गेल्या वर्षापासून सगळा माल जिवंत न विकता त्यातला काही स्वतः कापून कोल्हापुरातल्या खानावळींना आणि दोन केटरिंगवाल्यांना बोनलेस पुरवतो. मोठ्या पक्ष्याच्या छातीला मांस जास्त भरते, म्हणून या पुरवठ्यासाठी ठेवलेले पक्षी आम्ही ३५-३६ दिवसांना न काढता ४५ दिवसांपर्यंत सांभाळतो. तेव्हा त्यांचे सरासरी वजन तीन किलोच्या आसपास जाते.

गेल्या तीन बॅचपासून एक अडचण वाढत चालली आहे. छातीचा तुकडा हाडावरून सोडवून तळहातावर आडवा धरला, की चांगल्या मांसाची दोन्ही टोके खाली लोंबतात. हे तुकडे मात्र फळीसारखे सरळ राहतात. शेपटीकडच्या टोकाला उंचवटा येतो, अंगठा दाबला तरी रुतत नाही, आणि वरच्या पातळ पापुद्र्याखाली पाण्यापेक्षा दाट, चिकट द्रव असतो. काही तुकड्यांवर मानेकडच्या बाजूला स्नायूच्या धाग्यांना समांतर अशा पांढऱ्या रेघा दिसतात. काही शिवणाच्या दोऱ्याएवढ्या बारीक, तर काही सुतळीएवढ्या जाड. मागच्या वेळी मी स्वतः वीस पक्षी बाजूला काढून तपासले. त्यातील सात कडक निघाले, आणि रेघा तर थोड्याफार प्रमाणात बहुतेक सगळ्यांवर होत्या.

पक्षी आजारी दिसत नाहीत. मरतुक नेहमीइतकीच आहे आणि खाणे उत्तम आहे. खरे सांगायचे तर सर्वांत तगडे दिसणारे पक्षीच कडक निघतात. एका खानावळीने तेरा किलो माल परत पाठवला. मांस मसाला धरत नाही आणि शिजल्यावर रबरासारखे लागते, अशी त्यांची तक्रार होती. खाद्यपूरके विकणाऱ्या एका प्रतिनिधीने व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमची कमतरता असल्याचे सांगून महागडी पावडर दिली. ती दोन बॅचना पूर्ण मात्रेत दिली, पण काहीही फरक पडला नाही. माझ्या खाद्यात नेमके कमी काय पडते आहे, हे कोणी जाणकार सांगेल का?

उत्तर : पशुवैद्यक, कोल्हापूर जिल्हा

ताई, आपण लक्षणे इतकी बारकाईने लिहिली आहेत की निदानाला फार वाव उरत नाही. कडक तुकड्यांना वुडी ब्रेस्ट म्हणतात आणि रेघांना व्हाइट स्ट्रायपिंग. पुष्कळदा दोन्ही एकाच पक्ष्यात सापडतात. वुडी ब्रेस्टचे पहिले सविस्तर वर्णन फिनलंडमधील हेलसिंकीच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर जिथे जिथे वजनदार ब्रॉयलर कापून बोनलेस विकले जाते, त्या बहुतेक देशांतून हीच तक्रार आली. आपल्याकडे बहुतेक कोंबडी अजूनही दोन-सव्वादोन किलोची, जिवंत आणि हाडासकट विकली जाते, त्यामुळे ही गोष्ट लोकांच्या नजरेस कमी पडली. आपण पक्षी मोठा केला आणि छाती वेगळी काढली, म्हणून ती आपल्याला दिसली.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्याला कदाचित अनपेक्षित वाटेल. खाद्यात काही कमी पडत असण्यापेक्षा ते या पक्ष्यासाठी जरा जास्तच चांगले असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

कारण असे आहे. पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हाच छातीच्या स्नायूतील तंतूंची संख्या जवळपास ठरलेली असते. पुढे वाढते ती प्रत्येक तंतूची जाडी. तंतू जाड होत जातात, पण त्यांच्यामधून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. मग आतल्या भागाला प्राणवायू अपुरा पडतो, तयार झालेली घाण वाहून नेण्यास रक्तप्रवाह कमी पडतो, पेशींमध्ये ऑक्सिडेशनचा ताण वाढतो आणि तंतू मरू लागतात. मेलेल्या तंतूंच्या जागी शरीर नवे तंतू घालू पाहते. ते जमले नाही की तिथे चरबी आणि कोलॅजन (चिवट धाग्यांचे प्रथिन) भरते. चरबी भरली की रेघ दिसते, कोलॅजन साचले की कडकपणा येतो. ही प्रक्रिया आपल्याला कापताना दिसते ४५ व्या दिवशी. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या खुणा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सापडतात. शेवटच्या दहा दिवसांत काही पावडर देऊन फरक पडत नाही, त्याचे हे एक कारण.

पक्षी किती बदलला आहे, याची कल्पना येण्यासाठी कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथे १९५७, १९७८ आणि २००५ या तीन काळांतील जाती एकाच वेळी, एकाच प्रकारचे खाद्य देऊन वाढवल्या. ५६ व्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम भरली. खाद्य तेच असताना चौपटीहून अधिक वजन, म्हणजे हा फरक रक्तातला आहे, आणि त्यातही छातीचा वाटा सर्वांत जास्त वाढला आहे. तेव्हा मूळ कारण अनुवंशात आहे. खाद्याच्या हाती आहे तो वाढीचा वेग.

व्हिटॅमिन ई विषयी. या जीवनसत्त्वाची आणि सेलेनियमची खरी कमतरता असेल तर कोंबडीच्या स्नायूत पांढरे पट्टे येतात, हे जुने आणि पक्के ज्ञान आहे, आणि त्याच आधारावर आपल्याला पावडर विकली गेली असावी. पण खाद्यात या दोन्ही गोष्टी पुरेशा असतानाही आजचे व्हाइट स्ट्रायपिंग होते. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किलोमागे १५ पासून ४०० युनिटपर्यंत व्हिटॅमिन ई देऊन पाहिले, तरी रेघांचे प्रमाण कमी झाले नाही. सेलेनियम तर अंदाजाने वाढवूच नये. किलोमागे ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास ते उपयोगी असते आणि काही मिलिग्रॅमवर गेले की विषारी ठरते. आपल्या व्हिटॅमिन-मिनरल मिश्रणात ते आधीच असणार.

मात्र ऑक्सिडेशनच्या बाजूने एक गोष्ट अवश्य तपासा, ती म्हणजे तेल. खवट झालेले राइस ब्रान किंवा पाम तेल खाद्यात गेले तर ते स्नायूचा ताण वाढवते आणि कडकपणाही वाढवते. डबा उघडून वास घ्या आणि उन्हात ठेवलेले तेल वापरू नका. पावडरीपेक्षा ताजे तेल स्वस्त पडेल.

आणखी दोन गोष्टी वगळल्या पाहिजेत. कॉक्सिडिओसिससाठी (आतड्याच्या परजीवी आजारासाठी) खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन असताना श्वसनाच्या त्रासासाठी टायम्युलिन दिले गेले, तर स्नायूंना गंभीर इजा होते. पण त्यात पक्षी पायातून बसतात आणि मरतुक वाढते, म्हणून आपल्याकडे तसे वाटत नाही. दुसरी म्हणजे छातीच्या हाडालगतचा आतला अरुंद स्नायू हिरवट निघणे. तो स्नायू ताठ आवरणात बंद असतो. पक्षी जोरात पंख फडफडवतो तेव्हा तो फुगतो, त्याला जागा मिळत नाही आणि रक्तपुरवठा तुटून तो मरतो. हा विकार खाद्याने नव्हे, तर पंख धरून पक्षी उचलल्याने, रात्री शेडमध्ये कुत्रे शिरल्याने किंवा मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या आवाजाने घाबरून पक्षी उडाल्याने होतो. आपल्याला हिरवा रंग दिसला असेल तर कळवा.

आपले स्टार्टरचे, म्हणजे पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्याचे, सूत्र इथे लिहाल का? विशेषतः लायसीन (प्रथिने ज्यापासून बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एक) किती टाकता, ते.

उत्तर : चिकन सेंटरचालक, कोल्हापूर शहर

डॉक्टरांनी विषय चांगला उलगडला आहे. मी लक्ष्मीपुरीजवळ अनेक वर्षे दुकान चालवतो, म्हणून मांसाच्या बाजूने थोडे लिहितो.

हे मांस खाण्यास अपायकारक नाही, आणि एका पक्ष्याचे दुसऱ्याला लागत नाही. पण त्यात प्रथिने कमी, चरबी आणि चिवट धागे जास्त असतात, ते पाणी धरून ठेवत नाही, आणि मुरवणीचा मसाला आत जात नाही; तेव्हा खानावळवाल्यांचे म्हणणे खरे आहे. असे तुकडे मी वेगळे काढतो आणि खिम्याला वापरतो. खिम्यात धागे तुटतात, त्यामुळे कडकपणा फारसा जाणवत नाही. तेच मांस टिक्क्यासाठी दिले तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. ताई, तुम्ही कापतानाच तुकड्यांचे कडकपणानुसार तीन भाग करा आणि कडक मालाचा भाव खानावळीला आधीच वेगळा सांगा. माल परत येण्यापेक्षा ते बरे.

जिवंत पक्ष्यातही हाताला कळते. पक्ष्याला छातीखालून धरून अंगठ्याने दोन्ही बाजू दाबून पाहाव्यात. निरोगी छाती भरलेली असली तरी दबते. वुडी असलेली छाती कडक आणि मधोमध टेकाडासारखी लागते. रेघा मात्र वरून कळत नाहीत.

उत्तर : ब्रॉयलरपालक, शिरोळ तालुका

आमच्याकडे हीच अडचण दोन वर्षांपूर्वी होती, म्हणून अनुभव लिहितो. त्या वेळी मी दोन गोष्टी करून पाहिल्या, त्यातली एक लागू पडली आणि एक फसली.

लागू पडली ती अशी. तिसऱ्या आठवड्यापासून चौथ्या आठवड्याच्या मध्यापर्यंत मी खाद्याची टांगती भांडी रोज सकाळी अकराला दोरीने वर ओढून घेत असे आणि दुपारी चारनंतर खाली सोडत असे. रात्री सहा तास पूर्ण अंधार ठेवला. पाणी कधीच बंद केले नाही. २८ व्या दिवशी पक्षी आधीच्या बॅचपेक्षा हलके भरले, तेव्हा घरच्यांनी माझ्यावर बराच राग काढला, पण पुढच्या दोन आठवड्यांत त्यातले पुष्कळसे वजन भरून निघाले. शेवटी दर पक्ष्यामागे साधारण १०० ग्रॅम मी गमावले. कडक छात्या मात्र स्पष्टपणे कमी झाल्या. एक काळजी घ्यावी लागते. भांडी खाली सोडताना सगळी एकदम सोडावीत आणि भांड्यांची संख्या पुरेशी असावी, नाहीतर भुकेले पक्षी एकमेकांच्या पाठीवर चढतात आणि कातडीवर ओरखडे उठतात. पहिल्या बॅचला माझे त्यातच नुकसान झाले.

फसली ती म्हणजे सोयाबीन पेंड कमी करून मका वाढवणे. छातीचे मांस कमी भरले, पोटात चरबीचा गोळा वाढला आणि एफसीआर (एक किलो वजनामागे लागणारे खाद्य) बिघडला. त्यामुळे प्रथिने कमी करा असे कोणी सांगितले तर मी ऐकणार नाही. डॉक्टरसाहेबांना विचारायचे आहे की, लायसीन कमी केल्यानेही असेच होणार नाही का?

प्रश्नकर्तीचे उत्तर : करवीर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. हिरवा रंग एकाही पक्ष्यात दिसला नाही. तेलाचा डबा कालच उघडून पाहिला. वास थोडा उग्र वाटला, म्हणून तो बाजूला ठेवला आहे.

स्टार्टरचे सूत्र दर शंभर किलोला असे आहे : मका ५८ किलो, सोयाबीन पेंड ३६ किलो, आणि उरलेले सहा किलो म्हणजे तेल, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), चुनखडी, मीठ, मिथिओनिन, मिनरल आणि व्हिटॅमिन मिश्रण, औषधे. लायसीन पूर्वी टनाला दोन किलो टाकत होते. गेल्या वर्षी बोनलेस सुरू केले तेव्हा छाती भरण्यासाठी ते चार किलो करा, असा सल्ला मला पावडर देणाऱ्या त्याच प्रतिनिधीने दिला आणि मी तो मानला. फिनिशरमध्येही (शेवटच्या टप्प्याच्या खाद्यातही) वाढवले आहे. घरी भुईमुगाची थोडी पेंड पडून आहे, ती वापरावी का, हाही प्रश्न आहे.

उत्तर : पशुवैद्यक, कोल्हापूर जिल्हा

आता हिशेब मांडता येईल. सोयाबीन पेंडीत लायसीन सुमारे २.८ टक्के आणि आर्जिनिन (दुसरे एक अमिनो आम्ल) सुमारे ३.३ टक्के असते. मक्यात ही दोन्ही अगदी कमी, अनुक्रमे पाव टक्का आणि ०.३८ टक्के. आपल्या मका-सोयाबीनमधूनच लायसीन साधारण १.१५ टक्के आणि आर्जिनिन १.४१ टक्के मिळते. बाजारातील लायसीन हायड्रोक्लोराइडमध्ये शुद्ध लायसीन ७८ टक्के असते, म्हणजे टनाला एक किलो टाकले की खाद्यातील लायसीन ०.०७८ टक्क्याने वाढते. दोन किलोंवर आपले लायसीन १.३१ होते आणि आर्जिनिन त्याच्या सुमारे १०८ टक्के राहते, जे योग्य आहे. चार किलोंवर लायसीन १.४६ च्या पुढे जाते आणि आर्जिनिन त्याच्या ९६ टक्क्यांवर घसरते. घटक तेच राहिले, पण जोडीचे प्रमाण उलटले.

याचे महत्त्व असे की, कोंबडीच्या शरीरात आपल्यासारखे युरिया-चक्र चालत नाही, त्यामुळे ती आर्जिनिन स्वतः तयार करू शकत नाही. सगळे खाद्यातूनच घ्यावे लागते. आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होते, आणि त्यानेच रक्तवाहिन्या सैल होऊन स्नायूला रक्त पोहोचते. लायसीन जास्त झाले की मूत्रपिंडातील आर्जिनिन मोडणारे विकर वाढते आणि आहे तेही आर्जिनिन खर्ची पडते. म्हणजे एका हाताने आपण छातीला वाढण्याचा हुकूम दिला आणि दुसऱ्या हाताने तिच्या रक्ताची वाट अरुंद केली. आपली अडचण बोनलेसच्या निर्णयाबरोबर सुरू झाली, याची दोन कारणे मला दिसतात : पक्ष्याचे वय वाढले आणि लायसीनही वाढले.

शिरोळच्या दादांच्या शंकेविषयी. आपण सोयाबीन कमी केले तेव्हा सगळीच अमिनो आम्ले एकदम घटली आणि ऊर्जा मात्र वाढली. तशा खाद्यावर पक्षी प्रथिने भरून काढण्यासाठी जास्त खातो आणि उरलेल्या ऊर्जेची चरबी करतो, म्हणून पोटात गोळा दिसला. परदेशातील प्रयोगांत याहून वेगळे केले गेले : साधारण १५ ते २५ दिवसांच्या काळापुरते पचनीय लायसीन शिफारशीच्या ८५ किंवा ७५ टक्क्यांवर आणले आणि नंतर पूर्ववत केले. त्यात कडकपणा आणि रेघा दोन्हींची तीव्रता घटली, आणि काही ठिकाणी अखेरच्या वजनावर फारसा परिणाम झाला नाही. तरीही ७५ टक्क्यांपर्यंत जाण्याचा सल्ला मी घरच्या मिक्सरवर खाद्य बनवणाऱ्यांना देणार नाही. तिथे कच्च्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी होत नाही, आणि पेंडीतील प्रथिने ४६ ऐवजी ४३ टक्के निघाली तर पक्षी खरोखरच उपाशी राहील.

ताईंनी लायसीन पूर्ववत दोन किलो करावे, फिनिशरमध्येही तेच प्रमाण तपासावे, आणि शिरोळच्या दादांनी केले तसे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खाद्याचे तास कमी करावेत. दोन्ही एकाच बॅचमध्ये केले तर कशाने फरक पडला ते समजणार नाही हे खरे, पण आपल्याला प्रयोगापेक्षा गिऱ्हाईक सांभाळायचे आहे, म्हणून मी दोन्ही एकदम करण्याच्या बाजूने आहे. उन्हाळ्यात उष्णतेचा ताण याच विकाराला हातभार लावतो, त्यामुळे दुपारी भांडी वर ओढण्याचा दुहेरी उपयोग होईल. शक्य असेल तर वय ४५ वरून ४० दिवसांवर आणून पाहा. वजन जितके जास्त, तितका कडकपणा जास्त, हे जवळपास सगळीकडे आढळले आहे.

भुईमुगाच्या पेंडीत आर्जिनिन भरपूर आणि लायसीन कमी असते, त्यामुळे कागदावर ती या कामासाठी उत्तम दिसते. पण पडून राहिलेल्या पेंडीत बुरशीचे अफ्लाटॉक्सिन असण्याचा धोका मोठा आहे, आणि ते यकृत बिघडवून सगळीच बॅच खाली आणते. तपासणीशिवाय ती पक्ष्यांना घालू नका, अशी कळकळीची विनंती आहे. निदानाची खात्री करायची असेल तर छातीचा छोटा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवून पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागाकडे देता येतो. शिरवळचे महाविद्यालय आपल्याला महामार्गावरच पडते.

प्रश्नकर्तीचे उत्तर, पुढच्या बॅचनंतर

बॅच काल संपली. लायसीन टनाला दोन किलो केले, नवे तेल घेतले आणि १६ व्या दिवसापासून २५ व्या दिवसापर्यंत दुपारचे चार तास भांडी वर ओढली. पेंड शेतात खत म्हणून टाकून दिली. पक्षी ४१ व्या दिवशी काढले. सरासरी २ किलो ६०० ग्रॅम भरले.

पुन्हा वीस पक्षी वेगळे कापले. पूर्ण कडक एकच निघाला, आणि दोघांच्या शेपटीकडच्या टोकाला किंचित ताठरपणा होता. रेघा अजूनही निम्म्याहून अधिक छात्यांवर आहेत, पण दोऱ्याइतक्याच. सुतळीएवढी जाड एकही दिसली नाही. कडक मालाचा खिमा करून त्याच खानावळीला वेगळ्या भावाने दिला आणि त्यांनी तो घेतला. दर पक्ष्यामागे बोनलेस कमी मिळाले, त्यामुळे ४५ दिवसांच्या हिशेबाने थोडा तोटा दिसतो. पण परत आलेला माल, जास्तीचे लायसीन आणि पावडरीचा खर्च वजा केल्यावर हिशेब बरोबरीला येतो.

पुढच्या बॅचला शेडचे दोन भाग जाळीने वेगळे करून एका भागात फक्त भांडी वर ओढणार आहे आणि दुसऱ्या भागात फक्त वय कमी करणार आहे. डॉक्टर, दोन्ही भागांत खाद्य एकच ठेवावे ना? आणि १६ व्या दिवसाऐवजी १२ व्या दिवशी सुरुवात केली तर पिल्लांच्या पायांवर ताण येईल का, तेवढे कृपया सांगावे.

उत्तर : पशुवैद्यक, कोल्हापूर जिल्हा

खाद्य एकच ठेवा आणि पिल्लेही एकाच हॅचरीची, एकाच दिवशीची घ्या. १२ व्या दिवशी सुरुवात करायला हरकत नाही, पायांना त्याने त्रास होणार नाही, उलट वजन हळू वाढल्याने आरामच मिळेल. पहिल्या आठवड्यात मात्र खाद्याचा एक तासही कमी करू नका. मेलेल्या तंतूंची दुरुस्ती करणाऱ्या पेशी त्या दिवसांतच सर्वाधिक वाढतात, आणि त्या वयात पिल्लू उपाशी राहिले तर पुढे दुरुस्तीला माणसे कमी पडल्यासारखे होते. दर आठवड्याला दोन्ही भागांतील तीस-तीस पक्ष्यांचे वजन लिहून ठेवा आणि चौथ्या आठवड्यापासून छाती हाताने तपासून त्याचीही नोंद करा. कापणीच्या दिवशी मला कळवा, मी स्वतः येऊन तुकडे पाहीन.